गाडीतून पडलेल्या माणसाचं तिकीट कोणी शोधायचं?

रेल्वे अपघाताच्या भरपाईबद्दल बरीच पत्रं साठली आहेत. मी रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे प्रवाशांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या बाजूने वकिली करते. त्यामुळे संपादकांनी या वेळचं सदर माझ्याकडे सोपवलं. नावं छापू नयेत अशी बहुतेकांची इच्छा होती, ती पाळली आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण उपनगरी गाड्यांनी जाणाऱ्या कुठल्याही घरात हे प्रश्न उभे राहू शकतात.

प्रश्न : माझे मिस्टर मशीद बंदरला मसाल्याच्या पेढीत हिशेबाचं काम बघायचे. रोज सकाळी बदलापूरहून लोकल. मागच्या पावसाळ्यात कोपर आणि दिव्याच्या मध्ये गर्दीच्या गाडीतून पडून ते गेले. पाकीट, मोबाइल काहीच मिळालं नाही, त्यामुळे पासही नाही. पोलिसांच्या कागदात ‘अंगझडतीत तिकीट अगर पास मिळून आला नाही’ असं लिहिलंय. दीर म्हणतात, पास नाही आणि ते दारात उभे होते, म्हणजे चूक आपलीच, काही मिळणार नाही. एक गृहस्थ मात्र घरी येऊन गेले. म्हणाले, सगळं करून देतो, आठ लाखांतले तीन माझे, दोन-चार कोऱ्या कागदांवर सह्या करा. पदरात दोन मुलं आहेत, मोठी दहावीला. सासूबाई आमच्याजवळच असतात. मी काय करू? (एक भगिनी, बदलापूर)

उत्तर : ताई, आधी पोलिसांच्या कागदावरची घटनेची तारीख बघा आणि घरातल्या कॅलेंडरवर तिथून एक वर्ष मोजा. दावा त्या एका वर्षाच्या आत दाखल व्हायला हवा. वर्ष उलटून गेलं असेल तर सगळं संपलं असं नाही. उशिराचं खरं कारण लिहून विलंबमाफीचा अर्ज देता येतो, आणि ते कारण पटलं तर न्यायाधिकरण दावा घेतं. पण मुदतीत बसत असाल तर त्या वाटेला जाऊच नका. उशीर माफ करून घेण्यातच महिने निघून जातात.

आता पास. तुमच्या दिरांसारखंच बहुतेक लोकांना वाटतं की तिकीट सापडलं नाही म्हणजे दावा मेला. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१८ रोजी ‘भारत सरकार विरुद्ध रीना देवी’ या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. मृताजवळ तिकीट मिळालं नाही एवढ्यावरून तो विनातिकीट होता असं धरता येत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगायचं की तो रीतसर प्रवासी होता आणि तसं म्हणण्यामागे कोणत्या गोष्टी आहेत. त्यानंतर ते खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. मात्र त्याच निकालात दुसरी बाजूही आहे, ती लपवून मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. रुळाजवळ मृतदेह मिळाला एवढ्यावरूनच माणूस प्रवासी ठरत नाही. तेव्हा प्रतिज्ञापत्र भरीव हवं.

तुमच्या घरातच बरंच सापडेल. पासाच्या प्लास्टिकच्या कव्हरात जुने पास तसेच मागे खोचून ठेवायची पुष्कळांना सवय असते. कपाट, ऑफिसची बॅग, देव्हाऱ्यामागची फट, शर्टांचे खिसे, सगळं बघा. जुना पास त्या दिवशीचा पुरावा नसतो, पण हा माणूस वर्षानुवर्षं पास काढून जात होता हे तो दाखवतो. पास मोबाइलवर काढत असतील तर पैसे कुठल्या तरी खात्यातून गेलेच असतील. बँकेचं पासबुक भरून आणा आणि महिन्याच्या किंवा तिमाहीच्या ठरावीक रकमेवर खूण करा. त्यांचा नंबर कंपनीकडून पुन्हा चालू करून घेता आला तर तिकिटाच्या ॲपमध्ये जुनी नोंद दिसण्याची शक्यता असते. पेढीच्या मालकांकडून हजेरीचा उतारा घ्या. आदल्या दिवशी ते कामावर होते आणि त्या दिवशीही अपेक्षित होते, असं पत्र मागा. आणि त्यांच्या डब्यातली माणसं! रोज एकाच डब्यात, एकाच दारापाशी भेटणारी माणसं एकमेकांना नातेवाइकांइतकी ओळखतात. त्यांतल्या एक-दोघांनी ‘हे रोज आमच्याबरोबर असत, त्या सकाळीही होते’ असं प्रतिज्ञापत्रावर सांगितलं आणि उलटतपासणीला उभे राहिले, तर त्याचं वजन मोठं असतं.

पंचनाम्यातल्या त्या ओळीला भिऊ नका. धावत्या गाडीतून माणूस खडीवर पडतो, पावसाचं पाणी वाहत असतं, पाकीट आणि मोबाइल कुठे जातात हे तुम्हीही पाहिलंत. त्यानंतर कोणीतरी खिसे तपासून ती ओळ लिहितो. त्या तपासणीच्या वेळी पास मिळाला नाही, इतकंच ती ओळ सांगते. पाकीट आणि मोबाइलही मिळाला नव्हता हे त्याच पंचनाम्यात असेल तर ती नोंद तुमच्या फायद्याची आहे. वकिलांना ती मुद्दाम दाखवा.

दारात उभं राहण्याचा मुद्दा. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये १ ऑगस्ट १९९४ पासून कलम १२४-अ आलं. प्रवासी गाडीतून अपघाताने पडणं ही त्यात ‘अनुचित घटना’ धरली आहे. रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. ती नाकारण्याची कारणं कायद्याने मोजून दिली आहेत : आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली कृती, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. निष्काळजीपणा यांत नाही. उघड्या दारात उभं राहणं हे फार तर दुर्लक्ष आहे, गुन्हेगारी कृत्य नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटलं. २०१८ च्या निकालाने त्यात भर घातली : ‘स्वतःहून करून घेतलेली इजा’ म्हणायला इजा करून घ्यायचा हेतू दिसला पाहिजे. चढता-उतरताना पडलेल्यालाही हेच लागू आहे.

आणि बदलापूर-कल्याणहून सकाळी निघणारा माणूस हौसेने दारात उभा राहत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतली माणसं एकमेकांवर घासली गेली आणि खाली पडली, हे साऱ्या राज्याने पाहिलं. आत पाय ठेवायला जागा असती तर ती माणसं बाहेर लोंबकळली नसती. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये गर्दीच्या लोकलमधून पडलेल्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या प्रकरणात, चूक त्यांचीच असा रेल्वेचा बचाव फेटाळून भरपाई दिली होती. दिरांना एवढं नक्की सांगा.

कागदांबद्दल. लोहमार्ग पोलीस ठाण्यातून अकस्मात मृत्यूची खबर, स्टेशन मास्तरांनी पोलिसांना दिलेला मेमो, घटनास्थळाचा आणि मृतदेहाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि घेतलेले जबाब, या सगळ्यांच्या साक्षांकित प्रती मागा. मेमोवरची वेळ आणि कोणी काय कळवलं हे शब्द नीट वाचा. ‘गाडीतून पडून’ लिहिलंय की ‘गाडीची धडक लागून’, यावर पुढचा सारा वाद उभा राहतो. धडक असं लिहिलेलं असेल तर ते रूळ ओलांडत होते असा बचाव येणार हे समजून चला. तसं असल्यास मोटरमन किंवा गार्डाने काय कळवलं, जखमा कुठे आहेत, घटनास्थळ स्थानकापासून किती लांब आहे, हे सगळं कामाला येतं. दोन स्थानकांच्या अधेमधे, जिथे जाण्यायेण्याची वाट नाही, तिथे कामावर निघालेला माणूस रूळ ओलांडायला कशाला जाईल? रेल्वेही स्वतःची चौकशी करून विभागीय व्यवस्थापकांचा अहवाल दाखल करते. त्यातला निष्कर्ष न्यायाधिकरणावर बंधनकारक नसतो.

सासूबाईंना दाव्यात घ्या. पत्नी आणि मुलं तर आहेतच, पण मुलाच्या कमाईवर पूर्ण किंवा काही अंशी अवलंबून असलेली आईही या कायद्यात अवलंबित आहे. त्यांना वगळून अर्ज केलात तर रेल्वे बाजूला राहील आणि भांडण घरात लागेल. कोणाचा वाटा किती हे न्यायाधिकरण ठरवतं. मुलांचा वाटा बहुतेक वेळा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. मोठीच्या शिक्षणासाठी त्यातलं काही आधी हवं असेल तर तसा अर्ज देता येतो.

राहिले ते गृहस्थ. त्यांना दारातूनच परत पाठवा. ते वकील असतील तर निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून घेणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही, आणि वकील नसतील तर त्यांचा या कामाशी संबंधच नाही. कोऱ्या कागदावरची सही कशी वापरली जाते हे मी सांगायला नको. तुम्ही स्त्री आहात, त्यामुळे विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे हेच सगळे कागद घेऊन जा. भरपाई तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात आली पाहिजे. खातं तुमच्या एकटीच्या नावाचं ठेवा, आणि पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड कोणाच्याही हवाली करू नका.

दावा मान्य झाला तर मृत्यूबद्दल ८ लाख रुपये आणि त्यावर व्याज मिळतं. तुमच्या मिस्टरांची किंमत म्हणून ही रक्कम बघू नका. ती तुमची आणि मुलांची हक्काची रक्कम आहे आणि ती सोडायचं काहीच कारण नाही.

प्रश्न : आमच्या ओळखीत रस्ता अपघातात गेलेल्या तरुणाच्या आईवडिलांना न्यायालयाने साठ लाखांच्या वर भरपाई दिली. माझा धाकटा भाऊ रेल्वे अपघातात गेला. त्याचा पगार महिना सव्वा लाख होता. सगळे सांगतात, आठ लाखांच्या वर एक पैसा नाही. असं कसं? रेल्वेवर दिवाणी दावा लावता येणार नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमचा राग योग्य आहे, पण कायदा तुम्हाला सांगितलं तसाच आहे. मोटार अपघातात मृताचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून माणसं किती, हे बघून हिशेब होतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. मात्र तिथे साधारणपणे समोरच्या चालकाची चूक दाखवावी लागते. रेल्वेच्या कायद्यात चूक दाखवायची गरज काढून टाकली आणि त्याच वाक्यात रकमेला कुंपण घातलं. कलम १२४ म्हणतं की रेल्वे नियमांनी ठरवलेल्या मर्यादेपर्यंत भरपाई देईल, आणि फक्त तेवढ्या मर्यादेपर्यंतच. सव्वा लाख पगाराचा अभियंता असो की डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चढलेली बाई, मृत्यूला रक्कम एकच. या समानतेत मला चांगलंही दिसतं. गरिबाच्या जिवाला कमी भाव लावायची सोय यात नाही. पण ती रक्कमच इतकी अपुरी आहे की समानतेचा आधार वाटत नाही.

मर्यादा नियमांत आहे, म्हणजे ती वाढवायला संसदेत नवा कायदा लागत नाही, केंद्र सरकारची अधिसूचना पुरते. तरी बघा : नोव्हेंबर १९९७ पासून ४ लाख, आणि १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख. मध्ये एकोणीस वर्षं गेली. त्या काळात घरभाडं, शाळेची फी, डाळ-तांदूळ कुठून कुठे गेलं हे सांगायला नको. २०१७ पासून तर काटा हललेलाच नाही. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसचा भीषण अपघात झाला, तेव्हा रेल्वे मंत्रालयाने मृतांच्या वारसांना १० लाखांची सानुग्रह मदत जाहीर केली. म्हणजे सरकारला स्वेच्छेने द्यावीशी वाटलेली रक्कम कायद्याने देणं असलेल्या रकमेहून मोठी निघाली. आठ लाख पुरत नाहीत हे सरकारनेच तिथे मान्य केलं, असं मी समजते. त्याच वर्षी १८ सप्टेंबरपासून गाडीच्या अपघातातल्या मृत्यूची सानुग्रह मदतही ५० हजारांवरून ५ लाख केली. मदत दहापट वाढते आणि हक्काची भरपाई जागच्या जागी राहते, हे मला पटत नाही. मदत जाहीर करणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्कासाठी न्यायाधिकरणाचं दार ठोठावता येतं.

मर्यादा इतर देशांतही आहेत. अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने एका रेल्वे अपघातातल्या सगळ्या प्रवाशांचे दावे मिळून २० कोटी डॉलरची कमाल मर्यादा घातली. २०१५ मध्ये फिलाडेल्फियाला गाडी रुळावरून घसरल्यानंतर ती वाढवली गेली, आणि दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे ती सुधारायची असं कायद्यातच लिहिलं गेलं. त्या मर्यादेवरही तिथे टीका होते. तरी पाच वर्षांची ती तरतूद आपल्या नियमांत आणायला काय हरकत आहे? खासदारांना पत्र लिहायचं असेल तर ‘रक्कम वाढवा’ एवढंच न लिहिता ‘दर वर्षी किंवा दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे आपोआप वाढेल असा नियम करा’ असं लिहा. नाहीतर एकदा वाढेल आणि पुन्हा एकोणीस वर्षं झोपेल.

दिवाणी दाव्याचं उत्तर : रेल्वे दावा न्यायाधिकरण कायदा १९८७ ने हे विषय न्यायाधिकरणाकडे दिले आणि इतर न्यायालयांची दारं त्यापुरती बंद केली. एकाच अपघातासाठी दोनदा भरपाई मागता येत नाही. मात्र तुमचा भाऊ नोकरीच्या कामावर असताना हा प्रवास करत होता का, हे तपासा. असेल तर कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई देणाऱ्या कामगार कायद्याचा पर्याय उघडतो, आणि दोन्हींपैकी कुठला फायद्याचा हे अर्ज करण्याआधी ठरवावं लागतं. मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल उच्च न्यायालयात रिट करून भरपाई मिळाल्याची उदाहरणं आहेत. हावड्याच्या यात्री निवासात एका परदेशी महिलेवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात १० लाखांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कायम केला होता, आणि आरोपींत रेल्वेचे कर्मचारी होते. पण तो गुन्हा होता. गाडीच्या अपघातात मर्यादा ओलांडायला ही वाट चालेल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. आधी न्यायाधिकरणात अर्ज करा. तिकीट जिथून काढलं, अपघात जिथे झाला किंवा प्रवास जिथे संपणार होता, त्यातल्या कुठल्याही ठिकाणच्या खंडपीठाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबईला आणि नागपूरला खंडपीठ आहे.

प्रश्न : २२ जानेवारी २०२५ ला आमच्या भागात पुष्पक एक्स्प्रेसमधून आग लागल्याच्या अफवेने लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. ते गाडीतून ‘पडले’ नव्हते, उतरले होते. मग कायद्याने त्यांना काही मिळतं का? आमच्या चहाच्या टपरीवर यावरून वाद झाला. (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : तुमच्या टपरीवर योग्य जागी बोट ठेवलं गेलं. रेल्वेने तेव्हा मृतांच्या वारसांना दीड लाखाची सानुग्रह मदत जाहीर केली होती. ती घेतल्याने दाव्याचा हक्क जात नाही.

दाव्यात रेल्वेचं म्हणणं असं राहील की गाडी थांबलेली होती, प्रवासी आपल्या पायांनी उतरले आणि दुसऱ्या रुळावर गेले, म्हणजे हे अपघाताने पडणं नव्हे. प्रवाशाच्या बाजूने मी असं म्हणेन : त्यांच्याकडे वैध तिकीट होतं, प्रवास संपला नव्हता, जीव वाचवायला ते उतरले, इजा करून घ्यायचा हेतू नव्हता आणि गुन्हाही केला नव्हता. हा कायदा पीडितांच्या भल्याचा आहे, शब्दांचा संकुचित अर्थ लावून त्यांना बाहेर ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सांगितलं. चढता-उतरतानाचे अपघात त्याच विचाराने कायद्याच्या छत्राखाली आले. माझ्या मते या कुटुंबांचा दावा लढण्यासारखा आहे, आणि ज्यांनी अर्ज केलेला नाही त्यांनी विलंबमाफीसह का होईना, करावा.

पण प्रवासी नसलेल्याचं काय, हेही टपरीवर सांगा. ८ मे २०२० ला करमाडजवळ टाळेबंदीत पायी गावी निघालेले मजूर रुळांवरच झोपी गेले आणि मालगाडीखाली सापडले. ते कुठल्याच गाडीचे प्रवासी नव्हते. हे कलम त्यांना लागू होत नाही, सरकारची मदत तेवढी मिळते. खिशात पास असून दोन फलाटांमधला रूळ पायी ओलांडताना गाडीने उडवलेल्या माणसाचीही गत बहुधा तीच होते, वर रूळ ओलांडणं हा कलम १४७ चा गुन्हा आहे. पादचारी पूल लांब आहे म्हणून खाली उडी मारणाऱ्या तुमच्या मुलांना हे सांगा.

प्रश्न : गाडीत चढताना हात सुटला आणि उजवा हात कोपराच्या वरून गेला. मी वेल्डिंगचं काम करायचो. भरपाई किती? (एक तरुण, सोलापूर)

उत्तर : दादा, अपंगत्वाची रक्कम नियमांना जोडलेल्या तक्त्यातून ठरते, आणि तो तक्ता इंच मोजून चालतो. हात खांद्याच्या सांध्यातूनच गेला तर ७ लाख २० हजार. खांद्याच्या टोकापासून उरलेला भाग ८ इंचांपेक्षा कमी असेल तर ६ लाख ४० हजार. उरलेला भाग ८ इंच किंवा त्याहून जास्त, कोपराच्या थोडं पुढेपर्यंत असेल तर ५ लाख ६० हजार. दोन्ही हात गेले, किंवा एक हात आणि एक पाय गेला तर मृत्यूइतकेच ८ लाख. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या कागदात किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रात उरलेल्या हाताची लांबी आकड्यात लिहून घ्या. नुसतं ‘कोपराच्या वर’ लिहिलेलं असलं की त्या एका इंचावरून ऐंशी हजारांचा वाद होतो.

तुमच्यासाठी दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. तक्त्यात नसलेल्या पण माणसाला कुठलंच काम करता येऊ नये अशा इजेला पूर्ण ८ लाखांची तरतूद नियमांत आहे. हाताशिवाय मणक्याला किंवा डोक्याला मार असेल तर त्याचे कागद वेगळे लावा आणि अर्जात तसं स्पष्ट मागा. उजव्या हाताने वेल्डिंग करणाऱ्याचा उजवाच हात गेला, हे दुःख तक्ता बघत नाही, त्याला डावा-उजवा सारखाच. तक्त्याच्या या आंधळेपणावर मी न्यायाधिकरणात बोलते, तुमच्या वकिलांनीही बोलावं.

प्रश्न : ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांचा विमा विचारतात. मी नेहमी ‘नको’ करतो, वाटतं की रेल्वेची भरपाई त्यातून वजा होईल. बरोबर आहे का? (एक निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : नाही सर, वजा होत नाही. रेल्वे अधिनियमाच्या कलम १२८ मध्ये विम्याची रक्कम वेगळी ठेवली आहे. दोन्ही मिळू शकतात. विम्यात मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला १० लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हप्ता एका माणसामागे एका प्रवासाला ४५ पैसे. यापुढे ‘हो’ करा.

हा विमा आयआरसीटीसीवर काढलेल्या कन्फर्म आणि आरएसी ई-तिकिटांनाच असतो. खिडकीवरचं तिकीट, जनरलचा डबा, लोकलचा पास यांना तो नाही, म्हणजे पहिल्या पत्रातल्या ताईंच्या घराला त्याचा उपयोग नव्हता. वर्षाचे बाराही महिने जोखीम घेऊन जाणाऱ्या पासधारकांसाठी असा विमा पासाच्या पैशांतच का नसावा, हे मला कळत नाही.

तिकीट निघाल्यावर विमा कंपनीकडून एसएमएस आणि ई-मेल येतो. त्यातली लिंक उघडून नॉमिनीचं नाव भरायचं असतं, आणि हेच लोक विसरतात. नाव भरलेलं नसलं तर पैसे कायदेशीर वारसांना मिळतात, पण त्यासाठी वारसा सिद्ध करणारे कागद आणावे लागतात. एकाच तिकिटावर तुम्ही आणि बाई दोघं जात असाल तर एकमेकांची नावं टाकू नका. मुलाचं किंवा मुलीचं टाका, आणि पॉलिसीचा तो मेल त्यांनाही पाठवून ठेवा.